कुंकवाचे एकोणीस ठिपके

"नव्या सुनेला वळणाची भीती वाटते म्हणून खात्याने फलक लावायचा का?" बैठकीतलं दिनकरमामांचं बोलणं आत चहा गाळणाऱ्या केतकीला ऐकू आलं. नवऱ्याचे हे मामा रस्ते खात्यात साहेब होते. नवरा, निरंजन, रोज त्याच चिंचेच्या वळणावरून मोटारसायकलने कामाला जाई आणि तो परतेपर्यंत हिचा जीव टांगणीला.

लग्नानंतरच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला तिने विचारलं होतं, "तुमच्या घरचं कोण गाडीवरून कुठे पडलं?" सांगतील तिथे गावाच्या नकाशावर कुंकवाचा ठिपका. एकट्या चिंचेच्या वळणावर एकोणीस झाले.

चहाबरोबर तिने नकाशाही पुढे ठेवला. मामा हसले. "पोलिसांत एकही नोंद नाही, सूनबाई. बायकांच्या ऐकीव गप्पांवर खातं चालत नसतं."

"बरं. पण मामा, तुमच्या गाडीच्या चाकांना माळावरची तांबडी माती कशी? माळावरून तर लांबचा रस्ता."

"ड्रायव्हरला टपरीवर कुणीतरी म्हणालं, चिंचेचं वळण वाईट आहे."

केतकीने कप त्यांच्या हातात दिला.

"टपरीवरच्या एका माणसाच्या ऐकीव गप्पेवर साहेबांची गाडी वाट बदलते, मामा. मग एकोणीस घरांच्या सांगण्यावर एक फलक लागायला काय हरकत आहे?"