कौसाबाईच्या रिकाम्या गोण्या

तालुक्याच्या गावी सिमेंटचा एक तरुण व्यापारी होता. एकदा, दिवाळी नुकतीच सरली असताना, तो लगबगीने आपल्या गुरूंकडे आला. हे गुरू म्हणजे कोणी मठातले संन्यासी नव्हेत. चाळीस वर्षे सिमेंट विकून निवृत्त झालेले ते एक वृद्ध व्यापारी; सारा बाजार त्यांना अण्णा म्हणे. धंद्याची बाराखडी हा शिष्य त्यांच्याच दुकानात शिकला होता.

"अण्णा, आशीर्वाद द्या. दुसरं गोदाम बांधतोय," तो म्हणाला. "दोन महिन्यांत माल दुपटीनं गेला. भाव वाढणार अशी हवा आहे. खेड्यांतले दुकानदार रोज फोन करून माल मागतात. आहे ती जागा पुरेना झालीय."

"बांधणार कुठं?"

शिष्याची मान जराशी खाली गेली. "सीताफळाच्या बागेत. रस्त्याला लागून तेवढीच जागा आहे. उद्या सकाळी जेसीबी येतोय."

ती बाग त्याच्या पत्नीने लावली होती. मुरमाड जमिनीत एकेक झाड तिने घागरीने पाणी घालून जगवले होते, आणि गेले चार दिवस ती नवऱ्याशी बोलत नव्हती. अण्णांना हे सारे ठाऊक होते. पण त्याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. पायांत वहाणा सरकवत ते एवढेच म्हणाले, "चल, कौसाबाईकडं जाऊन येऊ."

शिष्य बुचकळ्यात पडला. कौसाबाई म्हणजे बांधकामांवरून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या विकत घेऊन, झटकून, शिवून पुन्हा विकणारी बाई. भरल्या गोण्यांच्या व्यापाऱ्याचे तिच्याकडे काय काम? म्हाताऱ्याला चळ तर नाही ना लागला, असेही त्याच्या मनात येऊन गेले. शिष्यांच्या मनात असले विचार येतातच. शहाणे शिष्य ते बोलून दाखवत नाहीत, इतकेच.

कौसाबाई पत्र्याच्या शेडमध्ये हातावर हात ठेवून बसली होती. अण्णांनी विचारले, "काय म्हणतोय धंदा?"

"कसला धंदा, अण्णा! वाळू भरून ओढ्यावर बंधारा घालायला तीन गावची माणसं गोण्या मागून गेली. मी देऊ कुठनं? औंदा निम्म्याबी आल्या न्हाईत. बांधकामं थंडावल्यात. गवंडी टपरीवर च्या पीत बसल्यात, जाऊन बघा."

"असं कसं होईल?" शिष्य न राहवून म्हणाला. "माझ्याकडून तर दुपटीनं गोण्या गेल्यात!"

"गोणी फुटली की दोन दिसांत माझ्याकडं येती, दादा. तुमच्या का न्हाई आल्या मग?"

परत येताना वाटेतल्या पारावर टेकत अण्णा म्हणाले, "तू विकलेल्या गोण्या अजून भरलेल्याच आहेत. भाव वाढेल या धास्तीनं दुकानदारांनी त्या आपापल्या छपराखाली रचून ठेवल्या. त्या धास्तीला तू मागणी समजलास. घर बांधणारा गोणी फोडतो, तेव्हा खरी मागणी जन्माला येते. आणि सिमेंट काही लोणचं नव्हे, मुरत ठेवायला. दमट हवेत चार महिने पडलं की खडे धरतं. माझ्या गोठ्यामागची भिंत लोकांना दगडाची वाटते. अशाच एका तेजीत मी साठवलेल्या आणि दगड झालेल्या गोण्यांची आहे ती. तेव्हा मला कौसाबाईकडं न्यायला कोणी नव्हतं."

शिष्याने तिथेच उभ्या उभ्या जेसीबीवाल्याला फोन लावला आणि उद्या येऊ नकोस म्हणून सांगितले. पौष संपता संपता तेच दुकानदार 'माल परत घ्या' म्हणून विनवू लागले, पण ती पुढची गोष्ट. आपल्यापैकी ज्यांना गिऱ्हाइकांची रांग पाहून हुरूप येतो, त्यांनी नेलेला माल वापरला कोणी, एवढे एकदा विचारून पाहावे.

तो घरी आला तेव्हा पत्नी बागेत होती. उद्या झाडेच राहणार नाहीत म्हणून ती डोळे न उघडलेली, कच्ची सीताफळेसुद्धा तोडून पाटीत टाकत होती. तो जवळ जाऊन म्हणाला, "कच्ची राहू देत. जेसीबी येत नाही. उद्या नाही, कधीच नाही."

तिचा हात फळावर तसाच थांबला. तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिले, फळ हळूच सोडले, पदराने डोळे पुसले आणि चार दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

"जेवलात का?"