दोन शिट्ट्या म्हणजे थांबा

“माझं चुकलं काय, तेवढं सांगा बुवा.”

बुवा चकली खात होते. दात मोजकेच उरलेले, त्यामुळे ते काम त्यांना जपून करावं लागे. त्यांनी नुसतं बोट वर केलं. थांब जरा.

थांबणं हा प्रकार नलावडे सरांना जमत नसे.

दौलत नलावडे म्हणजे कऱ्हाडकडच्या एका शाळेतले कवायतीचे मास्तर. गळ्यात लाल दोरीची शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि छाती अशी पुढं काढलेली की समोर कायम झेंडावंदन चालू आहे. शाळेत त्यांना सर म्हणत. गल्लीत सर म्हणत. घरात बायको शर्मिलाही सरच म्हणे, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

भिवाबुवा त्यांचे गुरू. अभयारण्याच्या वाटेवर देवीचं दगडी देऊळ आहे, त्याच्या पडवीत राहत. वय विचारलं तर म्हणत, देवीला विचार, ती मोजते.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे डबे बांधून सर घरच्यांना इथं धबधबे दाखवायला आणत. पावसाळ्यातली झुंबड तेव्हा ओसरलेली असते. गवत पिवळं पडू लागतं, पाणी नितळ होतं, पाय घसरत नाहीत. आधी लहानसहान धारा लागतात आणि सगळ्यात शेवटी, कड्याखाली, थोरली धार. दुपार कलली की तिच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. घरच्या सगळ्यांनी हातात हात धरून त्याच्याखाली उभं राहायचं, हा नलावड्यांचा नेम. लेक केतकी कडेवर होती तेव्हापासूनचा.

आज सर पडवीत एकटेच आले होते. आई, बायको, लेक... कुणाचा पत्ता नाही.

“एक शिट्टी म्हणजे चला. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे धोका, असाल तिथून माझ्याकडं धावत या,” सर म्हणाले. “सोपं आहे की नाही?”

“सोपं आहे.”

“आज मी एक मारली, तर ही थांबली. दोन मारल्या, तर चालायला लागली. आईला तर मी डोळ्यांनी बघितलं. दोन पावलं चालली की थांबायची, थांबली की चालायची. मी म्हटलं, येतील मागनं, म्हणून देवळावरनं पुढं निघालो. वळून बघतो तर वाट मोकळी, तसाच मागं फिरलो.”

“मग काय केलंस?”

“शिट्टी मारली.”

“मग?”

“परत मारली.”

बुवांनी मान डोलावली. मग शेजारच्या पानावरची एक चकली त्यांच्यापुढं धरली.

“वेळ नाही बुवा. ऊन उतरलं की धनुष्य गेलंच.”

पण गुरूनं दिलेलं नाही कसं म्हणायचं? सरांनी उभ्या उभ्या चकली मोडून तोंडात टाकली.

“कुरकुरीत झालीय,” सर म्हणाले. “आमच्याकडं पण अशीच करतात. काळे तीळ घालून.”

“हो का,” बुवा म्हणाले.

सरांनी हात झटकले. आवाज जरा खाली आणला.

“इतकी वर्षं तुमच्या पायाशी येतोय, कधी काही मागितलं नाही. आज मागतो. माणसं आपल्या मागनं कशी येतील, ती युक्ती द्या. शाळेतली पोरं येतात हो. घरचीच येत नाहीत.”

“आजच का पाहिजे?”

सर बुटाकडं बघत राहिले...

“केतकीला गुवाहाटीला नोकरी लागलीय. दिवाळी झाली की चालली ती. पुढच्या वर्षी ह्या वेळेला घरात आम्ही तिघंच. आईचे गुडघे बघता तिला तरी इथवर येणं होईल का, कुणाला माहीत. सगळ्यांनी हात धरून उभं राहायचं हे शेवटचंच साल असायचं. ते चुकलं तर मला जन्मभर लागून राहील बुवा. फार वाईट वाटतंय मला.”

हेसुद्धा ते ‘सावधान’ म्हणावं तशा आवाजातच बोलले. दुसरा आवाज त्यांच्याकडं नव्हता.

बुवांनी धोतरावरचा चकलीचा चुरा झाडला.

“शिट्टी मार.”

सरांनी एक लांब शिट्टी मारली. रान शांत...

मग डाव्या हाताच्या झाडीतून एक लांब शिट्टी आली.

सरांचा चेहरा खुलला. “बघा. केतकीच.”

“तिच्याकडं शिट्टी आहे?”

“नाही,” सर म्हणाले, आणि कोड्यात पडले. “शिट्टी एकच. ती माझ्याकडं.”

झाडीतून दोन शिट्ट्या आल्या. आणि पाठोपाठ तीन.

तीन म्हणजे धोका. आई पडली असेल, केतकीचा पाय दरीत गेला असेल, शर्मिला एकटी काय करेल... ते डावीकडच्या कारवीत घुसले. आत जाऊन शिट्टी मारली, तर उत्तर आलं उजवीकडून. ते उजवीकडं धावले. देवळाच्या मागची भिंत ओलांडून झेप घेतली, तर शिट्ट्या वरच्या बांधावरून. वर चढले, तर परत डावीकडून. आयुष्यभर त्यांनी पोरांना जेवढं पळवलं, त्यातलं बरंचसं त्यांनी त्या घटकेत फेडलं.

परत आले तेव्हा बूट पांढरे नव्हते आणि पायमोज्यांत कुसळं भरली होती. गुडघ्यांवर हात टेकून ते वाकले.

“तीन... तीन शिट्ट्या आहेत बुवा. काहीतरी झालंय खाली.”

बुवांनी तेच मघाचं बोट वर केलं. या वेळी ते झाडाकडं होतं.

देवळासमोरच्या जांभळीवर एक काळा पक्षी बसला होता. डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब दोरे आणि दोऱ्यांच्या टोकाला पिसांचे गोंडे. त्यानं सरांकडं बघितलं, गळा फुगवला आणि दोन शिट्ट्या मारल्या. हुबेहूब. शिट्टीतला मणी अडकला की शेवटी जी थरथर येते, तीसुद्धा.

“भृंगराज,” बुवा म्हणाले. “ऐकेल ते उचलतो. गेल्या दिवाळीला तू दिवसभर फुंकत होतास. त्यानं अख्खा पावसाळा तालीम केली. मी तर दोनदा फसलो. म्हटलं, दौलत आला, आणि चहाचं आधण ठेवलं.”

सर सरळ उभे राहिले.

“म्हणजे सकाळपासनं माझ्या घरच्यांना हुकूम हा देतोय?”

“हा, आणि तू.”

“पण हा चुकीचे देतोय.”

बुवांनी डोळे मिटून घेतले.

सरांनी जांभळीकडं तोंड करून एक खणखणीत शिट्टी मारली. पक्ष्यानं एक मारली. सरांनी दोन मारल्या. पक्ष्यानं दोन मारल्या, आणि वर एक जास्तीची. सरांचे कान लाल झाले. मग जे काही सुरू झालं ते सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो की दमून आधी गप्प बसले ते सर.

बुवा डोळे मिटून ऐकत होते.

“डोळे मिटले,” ते म्हणाले, “की दोघांतला सर कोण, ते मला कळत नाही.”

...

बुवांनी हात पुढं केला. तळवा उघडा.

सरांना कळलं काय पाहिजे ते. पण गळ्यातली दोरी काढायला त्यांना फार वेळ लागला. लग्नातसुद्धा ती शिट्टी कोटाच्या खिशात होती, असं त्यांची आई सांगते.

बुवांनी शिट्टी घेतली आणि देवळाच्या घंटेशेजारच्या खुंटीला अडकवली.

“आता बोलव.”

“कशानं?”

“तोंडानं.”

सरांनी तोंड उघडलं, पण आवाज येईना. बायकोला नावानं हाक मारून किती वर्षं झाली होती ते त्यांना आठवेना. आईला हाक मारायची तर ती आज मागं राहिली म्हणून सकाळी तिच्यावर ओरडले होते...

“केतके,” सर म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “केतके, ए केतके...” आणि शेवटाला त्यांचा आवाज फाटला.

“ओ पप्पा. इथं आहोत आम्ही.”

हे इतक्या जवळून आलं की सर दचकले.

देवळाच्या मागच्या भिंतीखाली बुवांची पाण्याची धार आहे. कातळाच्या खोबणीतून वीतभर रुंदीचं पाणी गुडघाभर उंचीवरून खाली एका डबक्यात पडतं. तिला नाव नाही, तिचा फोटोही कुणी काढत नाही. तिथं सरांची आई पाण्यात पाय सोडून बसली होती. शर्मिला दगडाला पाठ टेकून केस मोकळे सोडून बसली होती. केतकी आजीच्या मांडीवरनं नुकती उठत होती. मध्ये फराळाचे डबे उघडे होते. एकात चिवडा, एकात लाडू. आणि एकात चकल्या. काळे तीळ घातलेल्या.

सरांनी चकल्यांकडं बघितलं. मग भिंतीवरून डोकावणाऱ्या बुवांकडं.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“ती कुठं आहेत असं तू कुठं विचारलंस? तू विचारलंस, माझं चुकलं काय.”

सर आईकडं वळले. “तुम्हाला शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत?”

“आल्या की,” आई म्हणाली. “सकाळपासनं त्या पाखरानं जीव घेतला माझा. चाल म्हणतंय, थांब म्हणतंय. इथं आलो आणि दोन वाजल्या, म्हणून थांबलो. मग केतकीनं ते पाखरू दाखवलं. म्हटलं, आता कुणी का मारेना शिट्टी, मी काय उठत नाही.”

“आता तर मीच मारत होतो, आई.”

“असशील.”

“आणि सर, तुम्ही दोनदा आमच्या डोक्यावरनं उडी मारून गेलात,” शर्मिला म्हणाली. “आम्हाला वाटलं, व्यायाम चाललाय.”

केतकी हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“पप्पा, तुम्ही मला हाक मारलीत.”

“शिट्टी बुवांकडं आहे,” सर म्हणाले.

“मला तीच काळजी होती. तिकडं गेल्यावर फोनवर पण शिट्टीच वाजवाल म्हणून.”

सरांनी तोंड फिरवलं आणि कड्याकडं बघितलं. थोरल्या धारेवरचं ऊन सरकत होतं. आत्ता निघालं, भरभर चाललं, तर धनुष्य सापडलं असतं. त्यांचा हात सवयीनं छातीवर गेला. तिथं बटणं होती.

तिघी बघत होत्या...

आई जरा बाजूला सरकली. “बूट काढ, दौल्या. बस.”

सरांनी बूट काढले. पायमोज्यांतली कुसळं काढायला केतकीनं मदत केली. मग ते बसले आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. पाणी चांगलंच गार होतं. डबकं एवढंसं की चौघांचे पाय एकमेकांवर आले. आईनं एक हात धरला, केतकीनं दुसरा. हात मोकळा नव्हता म्हणून शर्मिलानं लाडू त्यांना भरवला. “बस झालं, शर्मिला,” ते म्हणाले, आणि तिच्या हातातला लाडू पडता पडता राहिला.

धनुष्यबिनुष्य काही उमटलं नाही. सर तरीही बसून राहिले. बराच वेळ बसले. कड्यावरचं ऊन गेलं, ते त्यांनी बघितलं, आणि तरीही ते उठले नाहीत.

शेवटी आईच म्हणाली, गुडघे आता बरे आहेत, आलोच आहोत तर थोरली धार बघून जाऊ, ऊन नसलं म्हणून काय झालं. सगळी उठली. डबे आवरले. बुवांनीही काठी घेतली आणि ते वाटेवर येऊन उभे राहिले.

सर एक बूट घालून थांबले. गळा मोकळा मोकळा लागत होता.

“बुवा,” त्यांनी विचारलं, “पुढं कोण चालणार?”

जांभळीवरून भृंगराज उडाला. शेपटीचे दोरे हलवत वाटेवरून वर गेला आणि वळणापलीकडच्या झाडीत शिरला. तिथून एक लांब शिट्टी आली.

सवयीनं सरांचा बूट नसलेला पाय उचलला गेला.

बुवांनी काठी आडवी धरली.

“सर गेले पुढं,” बुवा म्हणाले. “तू ये सावकाश.”