जग बुडायच्या दिवशीची राखण

ऐका. ज्याला जांभई येतेय त्यानं तर नीट ऐकावं, ही गोष्ट दमलेल्यांचीच आहे. लई वर्षं झाली. किती, ते विचारू नका, तेव्हा मोजणारं कुणी गावात नव्हतं. आपल्या निंबळवाडीत ठकूबाई नावाची राखणदारीण होती. ज्वारीत दाणा भरू लागला की शेतातल्या माळ्यावर चढायची आणि गोफण फिरवून अख्ख्या शिवारातली पाखरं हाकायची. तिच्या गोफणीचा आवाज ऐकून शेजारच्या गावची पाखरंसुद्धा उपाशी झोपायची, असं म्हणतात.

एका पौषात गावात एक जटावाले बुवा आले. देवळाच्या पायरीवर बसून म्हणाले, "येत्या अमावास्येला दिवस डोक्यावर आला की जग बुडणार. मग देव एकेकाला पुढं बोलावून पापाचा जाब विचारणार."

गाव घाबरलं. हसू नका, तुमचेच पणजोबा होते ते.

ठकूबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती माळ्यावरूनच म्हणाली, "पुन्हा? मी लहान असताना एकदा बुडालं. आयनं होता नव्हता तेवढा गूळ घालून लापशी केली, दुसऱ्या दिवशी घरात गुळाचा खडा न्हाई. मग माझ्या लग्नात बुडालं, तर वऱ्हाडच येईना. आता परत! माणसानं बुडायचं तरी किती वेळा? दमले बाबा मी."

"ठकूबाई, जिभेला आवर घाला," खालून आबाजी पाटील ओरडले. "देव ऐकतोय."

"ऐकत असंल तर बरंच हाय. त्याला म्हणावं, जाब विचारायचा तर सुगी झाल्यावर ये. उपाशी माणूस काय उत्तर देणार?"

खरं तेच होतं. त्या साली घराघरांतल्या कणग्या तळाला गेलेल्या. शेतात उभी होती तेवढीच ज्वारी. ती गेली असती तर गावाला दुसरा घास नव्हता.

अमावास्या उजाडली. आता आपल्याकडं काय मानतात, गळ्यात दावं असताना जनावर मेलं तर पाप धन्याच्या माथी. देवापुढं उभं राहायचं आणि असलं पाप घेऊन? म्हणून सकाळीच घरोघरची दावी सुटली. गाई सुटल्या, बैल सुटले, म्हशी सुटल्या. रामजी घोलपानं तर शेजाऱ्याचीही गुरं सोडली, जादाचं पुण्य म्हणून! मग धुतलेली कापडं घालून सगळं गाव टेकडीवर जाऊन बसलं.

गुरांना काही बुवा भेटला नव्हता. ती सरळ ज्वारीकडं निघाली.

ठकूबाईनं ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "जग न्हाई बुडत, ही गुरं मात्र बुडवणार." आणि ती माळ्यावरून उतरली. एकटी बाई आणि गावभरची गुरं. त्या दिवशी ती एकाच वेळी चारी बांधांवर दिसत होती, असं म्हणतात. तिच्या गोफणीचा दगड बैलाच्या शिंगापुढून सूं करत जायचा आणि माघारी तिच्या ओंजळीत यायचा. एकाही जनावराच्या अंगाला लागला नाही. तिचा खांदा निखळला, तर तिनं डाव्या हातानं गोफण धरली. देवसुद्धा जाब विचारायला निघाला होता, पण बांधावर ही बाई बघून माघारी फिरला, असंही म्हणतात. ते मी बघितलेलं नाही.

टेकडीवर दिवस डोक्यावर आला. बायकांनी डोळे मिटले. दिवस कलला. बायकांनी डोळे उघडले.

बुवा घाम पुसत म्हणाले, "तुमची भक्ती बघून देवानं मुदत वाढवली."

रामजी म्हणाला, "मग आता जेवायचं का?"

तेवढ्यात खालून गोफणीचा फटाका ऐकू आला. गावानं वळून बघितलं आणि आपली गुरं कुठं आहेत ते दिसलं. मग मात्र कुणी देवाची वाट बघितली नाही. जो तो दावं शोधत खाली पळाला. बुवा दुसऱ्या बाजूनं पळाले.

ज्वारी उभी होती. कडेची चार ताटं मोडली असतील. ठकूबाई बांधावरच्या बोरीखाली बसली होती, उजवा हात मांडीवर पडलेला.

आबाजी पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. म्हणाले, "ठकूबाई, काय पाहिजे ते मागा."

"झोप."

"आणखी?"

"आणखी एवढंच, की परत जग बुडायचं निघालं, तर मला उठवू नका."

आणि ती तिथंच आडवी झाली. ती झोप अजून मोडलेली नाही, असं म्हणतात.

त्या बोरीखाली गावानं तिचा पार बांधला. तिथं घंटा नाही, आरती नाही, ढोल तर नाहीच. सुगीचा पहिला हुरडा पानावर ठेवतात आणि माघारी येतात. वहाणा लांब काढतात, पण सोवळं म्हणून नव्हे, वाजू नयेत म्हणून. आणि बुवा काय, येतातच. कधी जटांचे, कधी गाडीतून उतरणारे. जग कधी बुडणार ते सांगायला आवाज चढवतात. तेव्हा आपल्या गावातलं शेंबडं पोरही ओठांवर बोट ठेवतं आणि म्हणतं, "हळू बोला, बुवा. ठकूबाई झोपल्यात."