दारात जाऊन घातलेली इर्जिक

एका गावात एक शेतकरी, त्याची बायको नि त्यांची लेकरं राहत होती. ज्वारी काढणीला आली आणि नेमका शेतकऱ्याचा पाय मोडला. वर आभाळ भरून आलेलं. दोन दिवसांत कणसं घरी आली नाहीत, तर वर्षाची भाकरी मातीत जाणार!

बाजेवर पडल्या पडल्या नवरा म्हणाला, "इर्जिक घाल."

इर्जिक म्हणजे गावानं मिळून एकाच्या शेतात राबायचं. मजुरी नाही, पोटभर जेवण. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं.

पण दारोदार जायचं, तर गाडीवाल्याच्याही दारात जावं लागणार. गावात बैलगाडी त्या एकट्याचीच. आणि पोळ्याच्या दिवशी नवरा चारचौघांत त्याला म्हणाला होता, "हे बैल आहेत का शेळ्या?" तेव्हापासून बोलणं बंद. बाईला लाज वाटली. ती सरळ पारावर गेली नि ओरडली, "उद्या आमच्याकडं इर्जिक आहे हो! सगळ्यांनी या!"

"येतो की!" लोक म्हणाले.

लोक भले होते. खरंच आले. पण तीस माणसं, नि तिसांच्याही हातात विळा! दुपारपर्यंत सगळं शेत आडवं. कणसं खुडायला कुणी नाही, पेंढ्या बांधायला दोर नाही, न्यायला गाडी नाही, चूल तर थंडगार. उभी ज्वारी एखादी सर सोसते. आडवी पडलेली भिजली, की काळीच पडते. बाई मटकन खाली बसली.

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं बये, तू नुसती हाक मारलीस. इर्जिक घातलीस कुठं?"

"मग घालायची म्हणजे कशी, आत्या?"

"कुणाकडं काय आहे ते बघायचं, त्याच्या दारात जायचं नि त्याचं काम त्याच्या हातात द्यायचं. माणसं काय, जत्रेतपण जमतात!"

बाईनं डोळे पुसले. पदर खोचला. "काकी, तुमचा हात चपळ, तुम्ही कणसं खुडा. दादा, तुमच्याकडं अंबाडीचे दोर आहेत, तेवढे आणा. आत्या, पिठलं तुमच्या हातचं."

आणि स्वतः पळत गाडीवाल्याच्या दारात गेली.

तो ओसरीवर सुपारी कातरत होता. "काय वहिनी? आमच्या शेळ्या चालतील का?"

"चुकलं, भाऊजी. तुमच्या बैलांवाचून माझी लेकरं उपाशी राहतील. चला."

त्यानं अडकित्ता ठेवला. "पारावरची हाक ऐकली होती मी. वाट बघत होतो, दारात कोण येतंय त्याची."

शेवटची खेप दारात लागली नि टपटप थेंब सुरू झाले. सगळे दाटीवाटीनं जेवायला बसले. बाजेवरच्या शेतकऱ्यानं गाडीवाल्यापुढं हात जोडले.

गाडीवाला पिठल्यात भाकरी कुस्करत म्हणाला, "हात जोडू नकोस रे, पाय जोड आधी. पुढच्या महिन्यात माझी इर्जिक आहे. सांगायला मीच येईन, तुझ्या दारात."

तात्पर्य काय, तर हाकेनं गर्दी जमते. ज्याला त्याला त्याचं काम मानानं सांगितलं, की गाव उभं राहतं. आणि गाव ज्याच्यासाठी उभं राहिलं, त्यानं ते उपकार जन्मभर विसरू नयेत.