एकसष्ट तोफांचं जहाज

"साठ नव्हे, एकसष्ट! एकसष्ट तोफा हव्यात आम्हाला!" हंबीरराजे गरजले. शेजारच्या राजाने साठ तोफांचं जहाज बांधल्याचं कळल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"बासष्ट का नकोत, महाराज?" सेनापतींनी विचारलं. सेनापतींना होडीत बसलं तरी मळमळायचं.

राजसुतार धाकूने हात जोडले. "महाराज, एवढ्या जड जहाजाला तीन पुरुष खोल पाणी लागतं. आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळू साठलीय. तिथून ते—"

"सुतारानं आम्हाला समुद्र शिकवू नये!" राजांनी समुद्र पाहिला होता तो गच्चीवरून, पण पाहिला होता ना! "पौर्णिमेला खाडीच्या तोंडाशी जहाज दिसलं पाहिजे. नाहीतर तुझे दोन्ही अंगठे छाटू!"

पौर्णिमा आठ दिवसांवर. दरबारातल्या सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या.

धाकू घरी येऊन डोकं धरून बसला. त्याची मुलगी आवडी जहाजांची आखणी बापाच्या बरोबरीनं करायची. ती म्हणाली, "बाबा, अंगठे शाबूत राहतील. मला फक्त दोर आणि खुंट्या द्या."

पौर्णिमेच्या सकाळी ओहोटीला राजे लवाजम्यासह खाडीच्या तोंडाशी आले. उघड्या पडलेल्या वाळूवर खुंट्या ठोकून, दोर ताणून एक अवाढव्य आकृती आखलेली होती.

"जहाज कुठंय?"

"हेच, महाराज! अगदी खऱ्या मापाचं," आवडी म्हणाली. "आत या. मालकानं आत उभं राहून जागा नेमून दिल्याशिवाय आम्ही सुतार लाकडाला हात लावत नाही. रिवाज आहे आमचा."

राजे खूश झाले. पुढच्या नाळेपासून मागच्या टोकाच्या वरामापर्यंत ऐटीत फिरले. "इथे आमचा महाल! इथे तोफा!"

"माझी खोली महालाला लागून हवी," दिवाण म्हणाले.

"तिथे देवघर येणार!" राजपुरोहित कडाडले.

"मग दारूगोळा काय डोक्यावर ठेवू?" सेनापती ओरडले.

भांडण रंगलं. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. पण महाराज हलत नाहीत तर आपण कसं हलायचं? पाण्यात भिजत सगळे खोल्यांसाठी भांडत राहिले. काय ती निष्ठा!

दुपारी पाणी राजांच्या छातीला भिडलं. "अगं पोरी, हे किती वाढणार अजून?"

"झालं, महाराज. भरती पुरी झाली. वर्षातलं मोठं उधाण आहे आज. याहून जास्त पाणी इथे येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे एक महाराजसुद्धा पुरते बुडत नाहीत, आणि तुमच्या जहाजाला तर असे तीन महाराज एकावर एक उभे करावे लागतील!"

आवडीने हात केला, तशी धाकूने आणलेली दोन उथळ गलबतं सरसर आली आणि अख्खा दरबार उचलून तरंगू लागली.

राजांना हुडहुडी भरली होती. "पण शेजाऱ्याचं ते साठ तोफांचं जहाज चालून आलं तर?"

"येऊ दे की! ते याच वाळूत रुतणार. मग अशी एकतीस गलबतं त्याच्याभोवती फिरवा, प्रत्येकावर दोन तोफा."

"म्हणजे बासष्ट!" सेनापती ओल्या पागोट्यातून ओरडले.

राजे खो खो हसत सुटले. बोटातली अंगठी काढून त्यांनी धाकूच्या अंगठ्यात घातली. "एकतीस गलबतं आवडी सांगेल तशीच बांधायची! आजपासून गोदी तिच्या हुकमात. आणि दर पौर्णिमेला इथलं पाणी मोजायला सेनापतींना उभं करत जा!"