राहेलबाईंची ओळ

"माझी ओळ बदलायचा अधिकार त्यांना दिला कुणी, गुरुजी?"

अमोस भिंगारदिवेंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या चपलाही पायातच होत्या. हायस्कुलात मराठी शिकवणारा माणूस, त्यामुळे शब्दाला हात लावलेला खपायचा नाही. गीत त्यांचं, चाल शांतवन गुरुजींची. पेटीही त्यांना गुरुजींनीच शिकवलेली. आता चर्चच्या मंडळीचं नवं गीतपुस्तक उद्या छापायला जायचं होतं आणि तपासायची पानं अमोसच्या हातात होती.

तक्रार राहेलबाईंबद्दल होती. बाईंना अक्षरओळख नाही. कांदे लावताना त्या ऐकलेलं गीत सांगतात आणि बाकीच्या बाया उचलतात. अमोसनी तिसऱ्या कडव्यात लिहिलं होतं, 'निबिड तिमिरी, करुणासिंधो, देई करावलंब.' बाया म्हणत होत्या, 'अंधार पडला, येशूराया, बोट माझं सोडू नको.' अमोस जाब विचारायला गेले, तर बाई म्हणाल्या, असंच तर आहे की ते.

येत्या रविवारी उपासनेत गुरुजींनी बजावून सांगावं, पुस्तकात आहे तसंच म्हणा. एवढंच मागणं होतं.

गुरुजींनी पेटी पुढे ओढली.

"म्हण एकदा. सगळं."

अमोस बसले, डोळे मिटले. आवाज चांगला होता त्यांचा, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. दोन कडवी झाली. तिसरं आलं.

"अंधार पडला, येशूराया, बोट माझं..."

ते थांबले. गुरुजींनी भाता सोडला.

"मी... हे काय म्हटलं?"

"तूच सांग."

अमोस म्हणाले, "जूनमध्ये आमची सलोमी दवाखान्यात होती. सलाइन लावलेलं. पोरीच्या उशाशी बसून बायांसारखंच म्हणत होतो. तेव्हापासून हेच तोंडात बसलंय."

"आणि करावलंब?"

"आठवलाच नाही, गुरुजी."

त्यांना स्वतःचंच हसू आलं. खिशातलं पेन काढून त्यांनी आपली ओळ खोडली. तीन संध्याकाळी खपून जमवलेली ओळ होती, जिवावर आलं. खाली राहेलबाईंची ओळ नीट अक्षरात लिहिली. आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं.

मग पेन वर, गीतकाराच्या नावापाशी जाऊन अडलं. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

"राहेलबाईंचं नाव माझ्या आधी घालू, की नंतर?"

गुरुजी पेटीवर कापड टाकत होते.

"सलोमी शाळेत जाते का आता?"

"हो. सोमवारपासून."

"पोर बरी झाली. मग नाव घाल कुठंही."