पोलादी पायांची वाट

एका राज्यात विहीर एकच होती, आणि तीही शापित. वर्षभर पाणी गोड. पण आश्विनातली अमावास्या उजाडली की ते काळे पडे आणि जो पिई तो मरे. उतारा एकच होता. धूम्रगिरीवरच्या झऱ्याचे भोपळाभर पाणी त्याच दिवशी आणून विहिरीत ओतायचे. सूर्योदयाला निघायचे, सूर्यास्ताच्या आत परतायचे; सूर्य बुडाला की भोपळ्यातले पाणी आटे. त्या वाटेवर घोडा पाऊल टाकत नसे. म्हणून राजा पायी धावणारे जासूद पाळी, आणि जासूद वर्षभर धावण्याचा सराव करीत.

त्या वाटेचा आणखी एक गुण होता. जो जासूद वाटेत कोलमडे, तो तिथेच दगड होई. मागून येणारा त्याच्या दगडी मुठीतला भोपळा ओढून घेई आणि पुढे पळे. वाटेच्या दोन्ही अंगांना असे कितीतरी दगड उभे होते. लोक त्यांना शेंदूर लावीत, नारळ फोडीत, आणि घरी जाऊन निवांत पाणी पीत.

गेल्या साली खेत्रोजी दगड झाला. मागून येत होती त्याची धाकटी बहीण भिवरा. तिने भावाच्या मुठीतून भोपळा ओढला आणि ती थांबली नाही. नगर वाचले, तिचा जयजयकार झाला. तिच्या मनातून मात्र ती मूठ गेली नाही. यंदा पहिली धाव तिची होती.

जासूदांची एक रीत होती. सराव संपला की त्यांचा नाईक रायाजी विचारी, "पाय कसा?" आणि उत्तर ठरलेले, "पाय पोलादी." दुसरे उत्तर कुणाच्या बापजाद्यांनी ऐकले नव्हते.

श्रावणात भिवराच्या उजव्या टाचेवरची शीर धरली. सकाळी पहिले पाऊल टाकले की खिळा ठोकल्यासारखी कळ येई. धावू लागले की शीर ऊब धरी, कळ विरे, आणि तिला वाटे, गेले दुखणे. संध्याकाळी ते दुप्पट होऊन परत येई. तिने हळदीचा लेप लावला, विटेने शेकले. तापाचे निमित्त करून दोन-चार दिवस पडून राहिली, आणि जरा बरे वाटताच अख्खा डोंगर एका दमात चढून आली. आता या अकलेला काय म्हणावे! उतरताना पाय टेकवेना.

"पाय कसा?" नाईकाने विचारले.

"पाय पोलादी," ती म्हणाली आणि ओठ चावून उभी राहिली.

मग ती नदीत पाय सोडून बसली. वाळूतून एक टिटवी तुरुतुरु आली. टिटवी ओरडली की मरण येते म्हणून लोक तिला धोंडे मारीत. भिवराने मारला नाही. तेव्हा टिटवी बोलू लागली.

"खोटं बोललीस."

"सगळेच बोलतात."

"म्हणून सगळेच दगड होतात. माझा मुलगा इथला पहिला जासूद. त्याचा गुडघा सुजला होता. दरबाराच्या भीतीनं पोलादी म्हणाला आणि वाटेत कोसळला. मी चेटकीण होते. रागाच्या भरात विहीर काळी केली, आणि शाप दिला की खोटं बोललेला पाय या वाटेवर दगड होईल. माझा मुलगा तिथंच पडला होता. पहिला दगड तोच झाला, आणि शाप उलटून मी ही अशी टिटवी."

भिवराने पाय पाण्यातून काढले. "माझा भाऊ सुटेल?"

"तीन कामं कर. भाद्रपद सरेपर्यंत बसून राहा. मग कोजागरीपर्यंत मुंगीच्या मागं चाल, तिच्या पुढं पाऊल टाकू नकोस. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं. आणि दरबारात विचारतील तेव्हा खरं सांग."

"तिसरं सोपं आहे."

"तिसऱ्याला अजून कुणी पोहोचलं नाही," टिटवी म्हणाली.

नाईकाला व्रताचे निमित्त सांगून भिवरा बसून राहिली. बाहेर इतरांच्या पावलांचा आवाज येई आणि ती उशीत तोंड खुपसून रडे. धावणाऱ्याला बसण्यासारखी शिक्षा नाही. मग ती मुंगीमागे चालू लागली. मुंगी थांबली की थांबायचे, मुंगी मागे वळली की मागे वळायचे. पोरे हसत. कोजागरीनंतर ती हळूहळू धावू लागली. कळ पुरती गेली नव्हती. पण ती आधी कुजबुजते आणि मग ओरडते, एवढे भिवराला कळू लागले होते.

अमावास्या उजाडली. भरल्या दरबारात नाईकाने विचारले, "पाय कसा?"

नेमके इथेच उभे राहून खेत्रोजी काय म्हणाला होता ते तिला आठवले.

"पाय दुखतो, महाराज."

नाईकाचा हात चाबकाकडे गेला. "शब्द फिरव, पोरी."

"नाही फिरवणार, नाईक. गेल्या साली दादाही दुखऱ्या पायानं निघाला होता. त्याला पाय शेकताना मी पाहिलं होतं. तुम्हीही पाहिलं होतंत."

नाईकाचा हात चाबकावरून खाली आला. राजाने विचारले, "मग पाणी कोण आणणार?"

"मीच आणीन. पण कळ ओरडली की बसेन. पोहोचले नाही तर नगर तहानलेलं राहील, हेही आत्ताच सांगते."

राजाने भोपळा तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "जा."

त्या दिवशी तिच्या मागे कुणी निघाले नाही. असल्या अपशकुनी पोरीची सावलीही कुणाला नको होती. ती गेली, भोपळा भरला, परतली. खेत्रोजीच्या दगडापाशी टाच ओरडली. भिवरा खाली बसली. त्या वाटेवर बसलेला कुणी उठला नव्हता. आता बोटे राखाडी होतील म्हणून ती पायाकडे बघत राहिली. बोटे बोटेच राहिली. भावाच्या दगडाला पाठ टेकून ती ढसाढसा रडली, मग उठली, चालली, आणि कळ निवल्यावर धावली. कळसावर शेवटचे ऊन असताना तिने पाणी विहिरीत ओतले. पाणी निवळले, आणि वाटेवरचे सगळे दगड तडकले.

मशाली घेऊन लोक धावले. खेत्रोजी घोट्यापर्यंत माणूस झाला होता. पावले मात्र अजून दगडीच होती.

"दादा, पाय कसा?" भिवराने विचारले.

खेत्रोजीने तिच्यामागे उभा नाईक पाहिला. "पाय पोलादी," तो म्हणाला, आणि दगड सरसर गुडघ्यापर्यंत चढला.

भिवराने किंकाळी फोडली. तेव्हा म्हातारा रायाजी मातीत बसला आणि त्याने पायाची पट्टी सोडली. घोटा काळानिळा, भोपळ्याएवढा होता. "माझा तरणेपणापासून दुखतो, पोरा. आता तू सांग."

खेत्रोजीने त्या घोट्याकडे पाहिले. "दुखतो गं, भिवरे. निघतानाच दुखत होता." दगडाची वाळू झाली आणि तो बहिणीच्या मांडीवर कोसळला. पुढे तो जन्मभर लंगडला, पण जगला.

नाईक दर दगडापाशी लंगडत गेला आणि विचारत राहिला. काही घरी परतले. जे फार जुने होते, ते "दुखतो" म्हणाले आणि सुस्कारा सोडून शांत झाले. सगळ्यांत शेवटी, डोंगराच्या पायथ्याशी, एक मिसरूड न फुटलेला पोरगा उभा होता. नाईकाने तोंड उघडण्याआधी त्याच्या खांद्यावर टिटवी येऊन बसली.

"पाय कसा, बाळा?"

"दुखतो, आई," तो म्हणाला. सकाळी तिथे मूठभर वाळू होती आणि वर एक पीस.

विहीर पुन्हा काळी पडली नाही. त्या राज्यात जासूद अजून धावतात. नाईक अजून तोच प्रश्न विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.